कोपराचे त्रिकोण

खेळातल्या माणसाचे त्रिकोण कमी करण्याचे काम एखाद्या स्वयंचलित साधनावर सोपवले, तर बहुतेक वेळा ते आधी कोपर आणि गुडघे साफ करते; बुटांच्या नाड्या, शर्टाची बटणे आणि कानाच्या पाळीची वळणे मात्र शेवटपर्यंत जिवापाड जपते. साधनाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर येणारा माणूस हात पसरून, पाय सरळ ठेवून निश्चल उभा असतो. त्या अवस्थेत कोपर म्हणजे जवळपास सरळ नळकांडे. तिथले दोन-तीन वेढे काढले तरी पृष्ठभाग जागचा हलत नाही. बटण उठून आलेले असते, ते काढले की फरक लगेच मोजता येतो. मग खेळ सुरू होतो, तोच माणूस धनुष्य ओढतो, जिना चढतो, जमिनीवर बसतो, आणि वाकायला जागाच न उरलेला हात मधोमध चिपटतो. या क्षेत्रातल्या प्रत्येकाला हे दृश्य ओळखीचे आहे. तरीही कामाची मागणी आजही एकाच आकड्यात येते: अमुक हजार त्रिकोणांत पात्र बसवा. माझे म्हणणे असे की हा आकडा चुकीच्या गोष्टीचे माप आहे. मानवी पात्र हलके करायचे तर ते कोणत्या हालचाली करणार आणि किती अंतरावरून दिसणार, हे आधी ठरायला हवे. ते ठरले की आकडा मागाहून येतो, आणि बऱ्याचदा तो मागितल्यापेक्षा कमीच निघतो.

थोडी पूर्वतयारी आवश्यक आहे. पडद्यावरचे त्रिमितीय शरीर आतून पोकळ असते. असते ती नुसती कातडी, आणि ती त्रिकोणांच्या जाळीने विणलेली असते. या जाळीला आम्ही मेश म्हणतो. कलाकार बहुधा चौकोनांत काम करतो, पण ग्राफिक्स प्रोसेसरपर्यंत पोचताना प्रत्येक चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. ऑयलरच्या सूत्रानुसार बंद जाळीत त्रिकोणांची संख्या शिरोबिंदूंच्या जवळपास दुप्पट भरते, म्हणजे दहा हजार शिरोबिंदूंचा माणूस वीस हजार त्रिकोणांचा. पात्राच्या बाबतीत खरा खर्च या शिरोबिंदूंचा असतो. प्रत्येक शिरोबिंदू सांगाड्यातल्या एक ते चार हाडांना कमी-अधिक भाराने बांधलेला असतो आणि दर फ्रेमला त्याची नवी जागा त्या हाडांवरून काढावी लागते. रंगचित्र अंगावर चढवण्यासाठी जाळी जिथे उसवून सपाट केलेली असते, त्या शिवणीवरचा प्रत्येक शिरोबिंदू दोनदा साठवावा लागतो. सूर्याची सावली तीन-चार टप्प्यांत काढली जात असेल, तर तेच शरीर सावलीसाठी पुन्हा पुन्हा रेखाटले जाते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर या सगळ्याला, शत्रूंच्या बुद्धीसकट, १६.७ मिलिसेकंद मिळतात.

अंतराचा हिशेब तर कागदावर करून पाहण्यासारखा आहे. पडदा १०८० पिक्सेल उंचीचा आणि कॅमेऱ्याचे उभे दृष्टिक्षेत्र ६० अंशांचे धरले, तर १.७ मीटर उंचीचा माणूस १० मीटरवरून सुमारे १५९ पिक्सेल उंच दिसतो, ५० मीटरवरून ३२. दहा मीटरवर त्याने व्यापलेली जागा चारेक हजार पिक्सेलची. पन्नास मीटरवर दोनशेच्याही आत. तो माणूस २०,००० त्रिकोणांचा असेल आणि त्यातले निम्मे कॅमेऱ्याकडे तोंड करून असतील, तर पन्नास मीटरवर एकेका पिक्सेलसाठी पन्नासहून अधिक त्रिकोण धक्काबुक्की करतात आणि दिसतो त्यातला जेमतेम एक. शिवाय प्रोसेसर पिक्सेल सुटे सुटे रंगवत नाही, दोन बाय दोनच्या चौकटीने रंगवतो. त्रिकोण एका पिक्सेलएवढा असला तरी चार पिक्सेलचे काम होते आणि त्यातले तीन वाया जाते. म्हणून एकाच पात्राच्या जवळून, मध्यम अंतरावरून आणि लांबून दिसण्यासाठी वेगवेगळ्या आवृत्त्या ठेवतात. त्यांना एलओडी म्हणतात. शून्य क्रमांकाची आवृत्ती सर्वांत तपशीलवार. या कल्पनेची पायाभूत मांडणी जेम्स क्लार्क यांनी १९७६ मध्ये केली. पुढे सिलिकॉन ग्राफिक्स कंपनी काढणारे ते हेच क्लार्क.

आकडे खरोखरच तुटपुंजे होते त्या काळातल्या कलाकारांनी काय कापले आणि काय ठेवले, हे पाहणे म्हणून उद्बोधक ठरते. १९९३ च्या 'व्हर्च्युआ फायटर'मधले पहिलवान सपाट रंगांच्या ठोकळ्यांचे होते. १९९६ च्या 'क्वेक'मधली पात्रे काहीशे त्रिकोणांत संपत, आणि शिरोबिंदूची जागा प्रत्येक अक्षावर एका बाइटमध्ये, म्हणजे फक्त २५६ पायऱ्यांमध्ये, साठवली जाई. त्यामुळे ती उभ्या जागी थरथरत. १९९७ च्या 'फायनल फँटसी ७'मध्ये गावातून फिरणाऱ्या पात्रांना बोटे नव्हती, आणि लढाईसाठी त्याच पात्रांची वेगळी, अधिक भरलेली शरीरे होती. १९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये बोलणाऱ्याचे ओठ हलत नाहीत. डोके हलते आणि कोण बोलते आहे ते कळते. या सगळ्यांत समान धागा असा की बळी गेला तो ओठ, बोटे, डोळे, कपड्यांच्या चुण्या यांचा. चाल, वळणे, वार करण्याची ढब यांना कुणी हात लावला नाही. अनेक पात्रांचे हातपाय तर वेगवेगळे तुकडे करून सांध्यापाशी एकमेकांत घुसवलेले असत. दिसायला ओबडधोबड, पण सांधा चिपटण्याचा प्रश्नच मिटलेला. सोय म्हणून केलेली ही निवड होती, आणि माझ्या मते ती बरोबर होती.

याच काळात संशोधनही चालू होते. १९९२ मध्ये श्रोडर, झार्ज आणि लोरेन्सन यांनी त्रिकोणांची जाळी विरळ करण्याची पद्धत मांडली. १९९६ मध्ये ह्यूज हॉप यांनी एक एक कड मिटवत जाळी पायरीपायरीने हलकी करण्याची आणि तोच प्रवास उलटाही करण्याची रीत दाखवली. १९९७ मध्ये मायकेल गारलँड आणि पॉल हेकबर्ट यांनी जे माप दिले ते आजच्या बहुतेक साधनांच्या पोटात कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. त्यांची युक्ती देखणी आहे. प्रत्येक शिरोबिंदूला तो ज्या त्रिकोणांत सामील आहे त्यांची प्रतले लक्षात ठेवायला सांगायचे. त्या सगळ्या प्रतलांपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज केवळ दहा अंकांत साठवता येते. दोन शिरोबिंदू एकत्र करायचे तर त्यांचे दहा-दहा अंक बेरजेने मिळवायचे आणि नवा बिंदू असा ठेवायचा की ही चूक सर्वांत कमी होईल. ज्या कडेची चूक सर्वांत थोडी ती आधी मिटवायची. बंद जाळीत दर वेळी एक शिरोबिंदू, तीन कडा आणि दोन त्रिकोण जातात. लाखो त्रिकोणांवर ही पद्धत झपाट्याने चालते आणि तिचे निकाल डोळ्यांना पटतात.

पण हे निकाल तपासले कशावर गेले? या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे स्टॅनफर्डचा ससा: भाजलेल्या मातीचा, ६९,४५१ त्रिकोणांचा, ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी १९९४ मध्ये जगाला दिलेला. त्याच्या जोडीला बुद्धमूर्ती आली, ड्रॅगन आला, आणि शतक संपता संपता लेव्हॉय यांच्याच प्रकल्पात मायकेलअँजेलोचा डेव्हिड सुमारे दोन अब्ज त्रिकोणांत मोजला गेला. सगळे पुतळे. पुतळ्याच्या बाबतीत आकार म्हणजेच सर्वस्व, म्हणून मूळ पृष्ठभागापासून किती सरकलो हे माप तिथे निर्दोष आहे. गारलँड-हेकबर्टनी माणूस वाकवून दाखवण्याचे वचन कधी दिलेच नव्हते. चूक झाली ती आमच्या व्यवसायाकडून: पुतळ्याची मोजपट्टी आम्ही बिनदिक्कत चालत्याबोलत्या देहाला लावली, कारण दोघेही फाइलमध्ये सारखेच दिसतात.

देह वाकतो तेव्हा जाळीत नेमके काय होते ते पाहू. कोपराजवळचा शिरोबिंदू अर्धा दंडाच्या हाडाला आणि अर्धा पुढच्या हाताच्या हाडाला बांधलेला असतो. हात ९० अंशांत वळला की दोन्ही हाडे त्याला आपापली जागा सुचवतात आणि प्रोसेसर त्यांची सरासरी काढतो. ही सरासरी सरळ रेषेवरची असल्याने तो बिंदू आत ओढला जातो, कोपर बारीक होते. सांध्यावर एकच वेढा असेल तर ही झीज उघडी पडते. तीन वेढे असतील, एक सांध्यावर आणि दोन त्याच्या मागेपुढे, तर बाहेरच्या बाजूला ते पंख्यासारखे उघडतात आणि जाडी टिकते. आतल्या बाजूला मात्र तिघांचीही गरज नसते. तिथे ते एकमेकांत मिसळू दिले तरी चालते, उलट बरेच, कारण आत कातडी एकमेकांत घुसते आणि जास्तीचे त्रिकोण तिथे फक्त गोंधळ घालतात. जाणता कलाकार कोपराच्या बाहेर तीन आणि आत एक अशी रचना करतो. चौकोन त्रिकोणांत मोडताना कर्ण कोणत्या दिशेने पडतो यावरही वाकलेल्या गुडघ्याची वाटी दिसते की खळगा दिसतो हे ठरते. निश्चल पुतळ्यात दोन्ही कर्णांची चूक सारखीच, म्हणून साधनाला दोन्ही सारखेच.

मनगट वळवण्याची गत याहून वाईट. माणूस किल्ली फिरवतो तेव्हा कोपरापुढची दोन हाडे एकमेकांवरून फिरतात आणि पीळ हाताच्या सगळ्या लांबीवर पसरतो. खेळात हा पीळ एकाच सांध्यावर आला तर मनगट चॉकलेटच्या कागदाच्या पिळलेल्या टोकासारखे आवळते. व्यवसायातले त्याचे नावही तेच आहे. २००७ मध्ये लाडिस्लाव्ह कावान आणि सहकाऱ्यांनी द्वैती क्वाटर्निअन ही गणिती मांडणी वापरून हा आवळ टाळण्याची रीत दिली, आणि पीळ वाटून घेणारी जादा हाडे तर सर्रास वापरली जातात. पण पीळ वाटून घ्यायला वाटेत वेढे लागतात. कोपर ते मनगट हा सरळसोट भाग. साधनाच्या दृष्टीने सर्वांत आधी कापण्याजोगा. ते तिथे टोकापासून टोकापर्यंत लांबच लांब त्रिकोण ठेवते आणि पीळ वाटून घ्यायला मध्ये कुणीच उरत नाही. खांद्याबद्दल तर लिहावे तेवढे थोडे. उखळीचा सांधा, वर गळपट्टीचे हाड, मागे सरकणारे खांद्याचे पाते, आणि खाली काख. म्हणूनच पात्राची मूळ अवस्था हात पूर्ण आडवे ठेवून घडवण्याऐवजी ४५ अंशांच्या आसपास खाली सोडून घडवावी असे मला वाटते. हालचालीच्या पल्ल्याच्या मध्यावरून दोन्हीकडे जायला कमी ताण पडतो आणि काखेत कमी वेढे पुरतात.

चेहऱ्यावरही साधनाची नजर अशीच फसते. गाल सपाट, म्हणून तिथले त्रिकोण जातात. नाकपुड्या वळणदार, म्हणून राहतात. पण हसताना हलतो तो गाल, आणि नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उमटणारी घडी तिथेच पडते. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची जी स्नायुवार वर्गवारी केली, तिच्यावर आजच्या बहुतेक खेळांतल्या चेहऱ्यांचे नियंत्रण बेतलेले असते. डोळ्याभोवती आणि ओठांभोवती वर्तुळाकार स्नायू आहेत, म्हणून जाळीतही तिथे वर्तुळेच हवीत. एक कड इकडची तिकडे मिटली की वर्तुळ तुटते आणि पापणी मिटताना मधेच दातेरी होते.

हालचालीला एवढे झुकते माप का द्यायचे, याचा सर्वांत ठोस पुरावा खेळांच्या बाहेरचा आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसाच्या मुख्य सांध्यांवर डझनभर प्रकाशबिंदू लावले आणि अंधारात फक्त ते बिंदू दाखवले. बिंदू स्थिर असताना काही बोध होत नाही. ते चालू लागताच माणूस चालतो आहे हे पाहणाऱ्याला क्षणात कळते. कटिंग आणि कोझ्लोव्स्की यांनी १९७७ मध्ये दाखवले की अशा बिंदूंवरून लोक आपल्या मित्रांची चालसुद्धा बऱ्यापैकी ओळखतात. शून्य त्रिकोण, बारा सांधे, आणि माणूस पुरा. पन्नास मीटरवरच्या ३२ पिक्सेल उंचीच्या पात्राला याहून वेगळा न्याय नाही: तिथे चेहरा पोचत नाही, बटण पोचत नाही, पोचतो तो गुडघ्याचा आणि कोपराचा कोन.

हे संशोधकांच्या लक्षात आले नाही असे मात्र नाही. २००३ मध्ये अ‍ॅलेक्स मोर आणि मायकेल ग्लायशर यांनी एकाऐवजी अनेक अवस्थांतली चूक एकत्र मोजून कडा मिटवण्याचा मार्ग सुचवला. २००५ मध्ये ख्रिस्तोफर डिकोरो आणि शिमॉन रुसिनकिविच यांनी त्यापुढे जाऊन म्हटले की कोणती अवस्था किती संभवते याची शक्यताच हिशेबात घ्या. मला हा विचार तांत्रिक सुधारणेहून मोठा वाटतो. कारण अवस्थांची संभाव्यता खेळागणिक आणि समाजागणिक बदलते. बंदूक घेऊन उभ्याने धावणाऱ्या सैनिकासाठी घडवलेले तयार पात्र बाजारातून आणले आणि त्याला मांडी घालून पंगतीत बसवले, तर जांघ आणि गुडघा दोन्ही फाटतात. त्या जाळीला गुडघा एवढा मिटवायची वेळ येईल असे कुणी गृहीतच धरलेले नसते. उकिडवे बसणे, दंडवत, फुगडी, लेझीम या आपल्याकडे रोजच्या अवस्था आहेत. पोशाखाचेही तसेच. कासोट्याची नऊवारी प्रत्येक पायाभोवती वेगळी फिरते, म्हणून विजारीप्रमाणे पायांच्या हाडांना ती बांधता येते. सहावारीच्या निऱ्या दोन्ही पायांसमोर एकत्र असतात. पाऊल उचलले की मधला कापडाचा पट्टा दोन्ही पायांचा अर्धा-अर्धा होतो आणि मधोमध ताणून सपाट पडतो. तिला स्वतःची हाडे द्यावी लागतात किंवा कापडाचे गणित. इथे वाचवलेले त्रिकोण पुढे दुपटीने फेडावे लागतात.

मग कापायचे कुठे? आधी जिथे कुणी बघतच नाही तिथे. कपड्यांखालचे शरीर संपूर्ण काढून टाकावे. एवढी मोठी आणि एवढी बिनधोक बचत दुसरी नाही. डोळ्याच्या गोलाचा मागचा अर्धा कधीच दिसत नाही. कानाची वळणे चित्रात रंगवून भागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या 'सिटीज: स्कायलाइन्स २' या नगररचनेच्या खेळात आकाशातून दिसणाऱ्या नागरिकांच्या तोंडात दात कोरलेले निघाले आणि त्यांच्यासाठी लांबच्या आवृत्त्या बनवलेल्याच नव्हत्या. पात्रांना एलओडी नाहीत आणि त्याचा वेगावर परिणाम होतो, हे कंपनीनेही मान्य केले. बोटांचा हिशेब सांगण्याजोगा आहे. सहा बाजूंचे बोट, तीन सांधे, प्रत्येकी तीन वेढे आणि टोक धरले तर एका बोटाला शंभरावर त्रिकोण लागतात; दहा बोटांना हजारावर. जुन्या काळातली दोन-तीन माणसे तेवढ्यात उभी राहत. दुसऱ्या एलओडीपासून चार बोटांचा एक पंजा आणि अंगठा वेगळा, एवढे पुरते. आणि त्रिकोणांबरोबर बोटांची हाडेही काढावीत, हे फार जण विसरतात. लांबच्या गर्दीत त्रिकोणांपेक्षा हाडांचा हिशेबच अनेकदा महाग पडतो. केसांचे प्रकरण निराळे. मोकळे केस पारदर्शक पट्ट्यांनी करतात, त्या एकमेकांवर थरांनी रंगवल्या जातात आणि कित्येकदा त्यांचे त्रिकोण अख्ख्या शरीरापेक्षा जास्त भरतात. अंबाडा घातलेली बाई त्या मानाने फारच स्वस्त.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पृष्ठभागाच्या दिशा चित्रात साठवणाऱ्या नॉर्मल मॅपने हे सगळे सोडवले आहे. जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये पृष्ठभाग न हलवता सुरकुत्यांचा भास निर्माण करण्याची कल्पना दिली. १९९६ ते ९८ च्या दरम्यान दाट जाळीतला तपशील विरळ जाळीवरच्या चित्रात उतरवण्याच्या पद्धती आल्या. आणि २००४ च्या 'डूम ३'ने ते खेळांत ठळकपणे दाखवले. तंत्र थोर आहे, त्याच्याशिवाय आज काम होत नाही. पण त्याच 'डूम ३'मधली डोकी बाजूने पाहिली की टाळूची कड कोनाकोनांची दिसते. कारण हे चित्र प्रकाशाला फसवते, बाह्यरेषेला फसवू शकत नाही, आणि सांध्याला तर मुळीच नाही. चित्रातल्या सुरकुतीला हाड नसते. उलट त्याने एक वेगळी गाठ मारून ठेवली आहे: ते ज्या जाळीसाठी उतरवले तिचे त्रिकोण बदलले की पृष्ठभागाच्या दिशांचा आधार बदलतो आणि तेच चित्र दुसऱ्या एलओडीवर डाग पाडते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यंत्रे आता इतकी ताकदवान झाली आहेत की मोजदाद कशाला? मे २०२० मध्ये अनरिअल इंजिन बनवणाऱ्या एपिकने प्लेस्टेशन ५ वर दाखवलेल्या प्रात्यक्षिकात एकेक पुतळा ३.३ कोटींहून अधिक त्रिकोणांचा होता, आणि एका दालनात असे जवळपास पाचशे. नॅनाइट नावाची ती यंत्रणा जाळीचे १२८ त्रिकोणांपर्यंतचे पुंजके करते आणि पडद्यावर दिसेल तेवढाच तपशील पुंजक्यागणिक निवडते. पण प्रात्यक्षिकातला शब्द पाहा: पुतळा. २०२२ मध्ये अनरिअल इंजिन ५ प्रसिद्ध झाले तेव्हा नॅनाइट सांगाड्यावर हलणाऱ्या पात्रांसाठी नव्हते. तो पाठिंबा प्रायोगिक रूपात २०२४ च्या ५.५ या आवृत्तीत आला. आणि आला तरी पुंजक्यांची उतरंड आधीच बांधून ठेवावी लागते, म्हणजे कोणत्या अवस्थेतली चूक मोजायची हा प्रश्न होता तिथेच आहे. एपिकच्याच मेटाह्यूमन पात्रांना आठ एलओडी दिलेले असतात, ते हौसेने नव्हे. शिवाय ताकद कुठे आहे तेही पाहावे. आपल्याकडचा खेळाडू मुख्यतः स्वस्त अँड्रॉइड फोनवर खेळतो. तिथले ग्राफिक्स प्रोसेसर पडद्याच्या छोट्या फरशा करून रंगवतात. त्याआधी कोणता त्रिकोण कोणत्या फरशीत पडतो याची यादी स्मृतीत लिहावी आणि पुन्हा वाचावी लागते. शिरोबिंदू वाढले की ही ये-जा वाढते, बॅटरी उतरते, फोन तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. नव्या फोनचा वेग दहा मिनिटांनी किती उरतो, यावर पात्राचे अंदाजपत्रक ठरवावे.

याच आक्षेपाची एक बाजू मला मान्य आहे. जवळून दिसणाऱ्या एकट्या नायकाचे दोन-चार हजार त्रिकोण इकडेतिकडे झाले तर आजच्या कन्सोलवर काही बिघडत नाही. तिथे काटकसर करत बसणे हा कलाकाराच्या वेळेचा अपव्यय आहे. खरा प्रश्न आहे तो गर्दीचा आणि प्रमाणाचा. २०१० मध्ये आलेल्या 'फायनल फँटसी १४'च्या पहिल्या आवृत्तीबद्दल तिचे पुढचे दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे: एका फुलझाडाच्या कुंडीला खेळाडूच्या पात्राएवढेच पॉलिगॉन दिलेले होते. कॅमेरा खेळाडूच्या हातात नसेल तर प्रमाण ठरवणे आणखी सोपे जाते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी' (२०२०) सारख्या खेळात कॅमेरा बहुतांश वेळ लांबून, रचनाकाराने ठरवलेल्या जागेवरूनच पाहतो. अशा ठिकाणी सर्वांत तपशीलवार आवृत्तीच मुळात हलकी ठेवता येते.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे: हाताने कोण करत बसणार? पात्रे शंभर, प्रत्येकाचे पाच एलओडी, मुदत ठरलेली. इथे मी हाताच्या कामाचा आंधळा पुरस्कार करणार नाही. मधल्या आवृत्त्या साधनाकडूनच करून घ्याव्यात, फक्त त्याला आधी सांध्यांची जाणीव द्यावी. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधल्या डेसिमेट मॉडिफायरलाही शिरोबिंदूंचा गट देऊन कुठे किती कापायचे हे सांगता येते; कोपर, गुडघे, खांदे, ओठ आणि पापण्या एकदा रंगवून ठेवल्या की तोच रंग त्याच बांध्याच्या सगळ्या पात्रांना पुरतो. डोके आणि धड वेगळे असतील तर मानेवरच्या कडेचे शिरोबिंदू दोन्हीकडे गोठवावेत, नाहीतर एक तुकडा आधी हलका होतो आणि गळ्याभोवती फट पडते. हात लावायचा तो साखळीच्या दोन टोकांना. पहिली आवृत्ती हाताने, कारण पुढच्या सगळ्या तिच्यातून निघतात. आणि शेवटची, तीनशे-चारशे त्रिकोणांची आवृत्तीही हाताने. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. इतक्या लांबच्या बाहुलीवर कशाला वेळ घालवायचा? पण वीस हजारांवरून तीनशेवर आणलेल्या जाळीत साधनाने कुठला वेढा कुठे सोडला याला काही क्रम उरत नाही, एक गुडघा वाकतो आणि दुसरा वाकत नाही. गर्दीतली बहुसंख्य माणसे तर याच आवृत्तीत वावरतात. 'क्वेक'च्या काळातले कसब आज याच जागी उपयोगी पडते, आणि ते शिकवणारे अभ्यासक्रम मला फारसे दिसत नाहीत.

राहता राहिला तो मागणीपत्रकातला आकडा. त्याच्या बाजूने एकच पण पक्का युक्तिवाद आहे, की तो तपासता येतो. बाहेरच्या स्टुडिओकडून काम करून घेणाऱ्याला होय किंवा नाही एवढेच पाहायचे असते, आणि सांधा चांगला वाकतो की नाही हे मताचे वाटते. तसे ते नाही. खेळात खरोखर येणाऱ्या हालचालींतून पंचवीस-तीस अवस्था निवडाव्यात: धावण्याचे टोक, उडी, बसणे, वर पाहणे, हात डोक्यावर नेणे. प्रत्येक अवस्थेत मूळ पात्र आणि हलके पात्र त्या एलओडीच्या पल्ल्यातल्या सर्वांत जवळच्या अंतरावरून चार-सहा दिशांनी एकाच रंगात रेखाटावे, म्हणजे फक्त बाह्याकृती उरते, आणि दोन चित्रांत किती पिक्सेल वेगळे पडले ते मोजावे. हाही आकडाच आहे आणि तो यंत्राला रात्रभरात काढता येतो. मागणीपत्रकात त्रिकोणांची कमाल मर्यादा खुशाल राहू द्यावी; तिच्याखाली अवस्थांची यादी, पडद्यावरची उंची पिक्सेलमध्ये, हाडांची संख्या आणि या फरकाची मर्यादा लिहावी. बाह्याकृतीच्या चाचणीला चेहऱ्याच्या आतल्या हालचाली सापडत नाहीत, त्यासाठी पापण्या आणि ओठ वेगळे, प्रकाशात, जवळून तपासावे लागतात. आणि वाऱ्यावर उडणारा पदर दर वेळी वेगळा उडत असल्याने तो या मोजणीतून बाहेरच ठेवावा लागतो.